तुम्ही लावता तो फोन आणि तुम्हाला येणार आहे तो फोन

पत्राचा सारांश: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. वय ४३, सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी, ग्रीन कार्ड. फेब्रुवारीत त्यांची अख्खी टीम बंद झाली. मॅनेजरने ‘सामोपचाराने करू’ म्हणत एका करारावर सही घेतली आणि त्यात राजीनामा हा शब्द होता. पुण्याला आईला, इथे मैत्रिणींना त्यांनी ‘मीच सोडली’ असं सांगितलं. सरकारचं फुकटचं कशाला घ्या, म्हणून तीन आठवडे अनएम्प्लॉयमेंटचा, म्हणजे बेकारी विम्याचा, अर्ज केला नाही. शेवटी केला, तेव्हा कारणाच्या जागी ‘क्विट’ निवडलं. आता सहा आठवडे झाले तरी क्लेम ‘पेंडिंग’च दिसतोय. रोज सकाळी आठच्या ठोक्याला त्या ईडीडीला, म्हणजे राज्याच्या एम्प्लॉयमेंट डेव्हलपमेंट डिपार्टमेंटला, फोन लावतात. ‘खूप कॉल येत आहेत’ अशी टेप वाजते आणि लाइन तुटते. निकालच लागला नाही म्हणून दर दोन आठवड्यांचं सर्टिफिकेशन, म्हणजे त्या आठवड्यांबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं भरणंही त्यांनी थांबवलंय. त्या विचारतात: जिवंत माणसापर्यंत पोचायचं कसं? नवऱ्याने माझ्या वतीने बोललं तर चालेल का? की नाद सोडून द्यावा?

नमस्कार.

नाद सोडू नका. पण उद्या सकाळी आठला फोन लावण्याआधी आज रात्री दुसरं एक काम करा. यूआय ऑनलाइन, म्हणजे ईडीडीच्या वेबसाइटवरचं तुमचं खातं, उघडा आणि सर्टिफाय न केलेले आठवडे अजून दिसतायत का ते बघा. दिसत असतील तर तिथल्या तिथे भरून टाका. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त खटकली ती हीच गोष्ट, आणि तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिली आहे.

‘पेंडिंग’ म्हणजे तुम्ही पात्र आहात की नाही हे ठरायचं आहे, एवढंच. उद्या निकाल तुमच्या बाजूने लागला तरी पैसे फक्त सर्टिफाय केलेल्या आठवड्यांचेच मिळतात. दर दोन आठवड्यांनी तेच प्रश्न येतात: आजारपणामुळे काम करता आलं नाही असं झालं का, पूर्णवेळ काम घ्यायला दुसरी काही अडचण होती का, काम शोधलं का, मिळालेलं काम नाकारलं का, शिक्षण किंवा ट्रेनिंग सुरू केलं का, काही कमाई झाली का. दहा मिनिटांचं काम आहे. पहिला आठवडा ‘वेटिंग वीक’ असतो, त्याचे पैसे मिळत नाहीत, पण तो मोजला जावा म्हणून तोही सर्टिफाय करावाच लागतो. राहिलेले आठवडे स्क्रीनवर दिसत नसतील तर यूआय ऑनलाइनमधूनच मेसेज पाठवा. कोणते आठवडे राहिले, त्यांच्या तारखा आणि का राहिले, हे तीन-चार ओळींत लिहा. उशिराला सबळ कारण होतं का, हे ते बघतात. निकालाआधी भरायचं नसतं असं वाटलं, हेच खरं कारण असेल तर तेच लिहा. मान्य होईलच अशी हमी मी देऊ शकत नाही, पण न विचारता ते आठवडे गेलेच म्हणून धरायचं काही कारण नाही.

आता फोनबद्दल. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: माणूस फोनवर आला की क्लेम सुटेल. तसं सहसा होत नाही. १-८००-३००-५६१६ या नंबरवर जो कर्मचारी उचलतो तो तुमची फाइल पाहू शकतो, नोंद करू शकतो, एखादी चूक दुरुस्त करू शकतो. पण तुम्ही नोकरी सोडली की तुम्हाला काढलं, असा पात्रतेचा मुद्दा असेल तर त्यावर निर्णय वेगळा अधिकारी देतो आणि तो त्यासाठी तुम्हाला स्वतः फोन करतो. तुम्ही ‘क्विट’ निवडलं त्याच क्षणी तुमचा क्लेम त्या रांगेत गेला असणार. तेव्हा तुम्ही लावताय त्या फोनपेक्षा तुम्हाला येणाऱ्या फोनवर बरंच जास्त अवलंबून आहे.

फोनवरच्या या मुलाखतीची तारीख आणि वेळ टपालाने येते, यूआय ऑनलाइनवरही दिसते. कदाचित येऊन गेलीही असेल. आठच्या फोनच्या धांदलीत पत्रपेटी आणि यूआय ऑनलाइनचा इनबॉक्स नीट पाहायचं राहून जातं, असं बऱ्याच जणांचं होतं. आधी ते बघा. तारीख पुढची असेल तर त्या दिवशी फोनमधली अनोळखी नंबर गप्प करणारी सेटिंग बंद करा, स्पॅम अडवणारं ॲप बंद करा आणि ‘कोण बोलतंय, नाव सांगा’ असं आधी विचारणारं कॉल स्क्रीनिंगही बंद करा. व्हॉइसमेल भरलेला नको आणि त्यावर तुमच्या आवाजात तुमचं नाव हवं. स्क्रीनवर ‘एसटी ऑफ सीए ईडीडी’ (St of CA EDD) असं किंवा वरचा ८०० चा नंबर दिसू शकतो. दुसरा कुठला नंबर दिसला तरी दिलेल्या वेळेत आलेला फोन उचला. आपल्याकडे ‘तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर बंद होतोय’ असे फसवे फोन इतके येतात की अनोळखी नंबर न उचलण्याची सवयच लागली आहे. ती सवय एरवी चांगली, त्या दिवशी मात्र महागात पडते. शंका आली तर आलेला फोन यूआय ऑनलाइनवरच्या वेळेशी ताडून पाहा. खरा अधिकारी ओळख पटवायला माहिती विचारेल, पण पासवर्ड किंवा कार्डाचा पिन कधीही मागणार नाही. आणि ठरलेल्या वेळी तुम्ही सापडलाच नाहीत तर समोर जी माहिती आहे तिच्यावरच निर्णय होतो. तुमच्या बाबतीत समोर आहे ‘क्विट’ हा एक शब्द.

या शब्दाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमच्या अडचणीचं मूळ टेलिफोन लाइनमध्ये नाही, इथे आहे.

‘मला काढलं’ हे तोंडातून निघत नाही, हे मी समजू शकते. आईला पुण्यात काळजी नको, चार लोकांत चर्चा नको, म्हणून ‘मीच सोडली’ म्हणणं अगदी स्वाभाविक आहे. पण घरी सांगितलेली गोष्ट तुम्ही फॉर्मवरही तशीच लिहिलीत. कॅलिफोर्नियाच्या अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स कोडचं कलम १२५६ दोन प्रकारच्या लोकांना अपात्र ठरवतं: सबळ कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडणारे आणि कामातल्या गैरवर्तनामुळे काढले गेलेले. तुम्ही सांगितलेली हकीकत यातल्या एकाही खान्यात बसत नाही. टीम बंद झाली, बोलणं मॅनेजरने काढलं, करार त्यांनी लिहिला. कागदावर राजीनामा हा शब्द असला तरी नोकरी संपवायला सुरुवात कोणी केली आणि सही केली नसती तर नोकरी राहिली असती का, हे अधिकारी तपासतो. सही केली नसती तरी त्या तारखेला नोकरी जाणारच होती, हे दिसलं की तो स्वखुशीचा राजीनामा राहत नाही. (असंच पत्र लिहायच्या विचारात असलेल्या इतरांसाठी: कामाचा वेग कमी पडला, टार्गेट गाठता आलं नाही, म्हणून काढलं तर तेवढ्याने ते गैरवर्तन ठरत नाही. ‘परफॉर्मन्स’ हा शब्द पत्रात वाचून अर्ज न करणारे खूप आहेत.)

म्हणून मुलाखतीची वाट न बघता आजच यूआय ऑनलाइनवर मेसेज टाका की कारण चुकीचं निवडलं गेलं, टीम बंद झाल्यामुळे नोकरी गेली आणि कराराची प्रत आहे. मुलाखतीच्या दिवशी तो करार, नोकरी संपल्याची ईमेल, शेवटची पे स्टब (पगाराची पावती) आणि तारखांचा एक साधा कागद समोर ठेवा: बोलणं कधी झालं, कोणी काढलं, शेवटचा कामाचा दिवस कोणता, टीममधले आणखी कोण गेले. प्रश्नापुरतं उत्तर द्या. ‘आम्ही दोघांनी मिळून ठरवलं’, ‘मलाही ब्रेक हवाच होता’ असली सभ्य वाक्यं तिथे बोलू नका, कारण ती जशीच्या तशी टिपली जातात. वाढवून सांगू नका, तसंच मॅनेजरला सांभाळूनही घेऊ नका. तुमच्या कंपनीलाही क्लेमची नोटीस गेलेली असते, तिला उत्तराला १० दिवस असतात. तिची बाजू आणि तुमची बाजू शेजारी ठेवून निर्णय होतो.

नवऱ्याने बोलण्याबद्दल. ते तुमच्या नावाने बोलू शकत नाहीत आणि तुम्ही असल्याचं भासवून तर मुळीच नाही. तुम्ही फोनवर असाल, स्वतःची ओळख पटवाल आणि ‘माझे पती शेजारी आहेत, त्यांनी बोललेलं चालेल’ असं सांगाल, तर मदत घेता येते. पण इंग्रजीची धास्ती हे कारण असेल तर ईडीडीकडे दुभाषा मोफत मागता येतो. सुरुवातीलाच ‘मराठी इंटरप्रिटर, प्लीज’ म्हणा. जोडून द्यायला वेळ लागेल, तेवढा लागू द्या. १५ वर्षं इंग्रजीत काम करणाऱ्यालाही आपल्या नोकरी जाण्याबद्दल परक्या भाषेत बोलताना शब्द सापडत नाहीत. नवरा कितीही चांगलं बोलत असला तरी त्या खोलीत मॅनेजरसमोर तुम्ही होतात, तो नव्हता.

तरीही फोन लावावा लागेलच अशी कामं असतात. मुलाखत चुकली, राहिलेले आठवडे उघडत नाहीत, मेसेजला उत्तर नाही, किंवा तीन आठवडे उलटून गेले आणि नक्की अडलंय कुठे तेच कळत नाही. (अर्ज तपासून पहिले पैसे यायला साधारण तीन आठवडे तरी लागतात, त्याआधी फोन करून हाती काही लागत नाही.) लाइन सोमवार ते शुक्रवार, सकाळी ८ ते संध्याकाळी ५, पॅसिफिक वेळेनुसार चालू असते आणि सरकारी सुट्ट्यांना बंद. आठच्या ठोक्याला सगळेच लावतात. सोमवार आणि सुट्टीनंतरचा दिवस सर्वांत वाईट. बुधवार-गुरुवार दुपार धरा, दिवसातून दोन-तीनदा प्रयत्न करा आणि उरलेला वेळ नोकरी शोधायला ठेवा. नुसतं सर्टिफाय करायचं असेल किंवा पैसे सुटले का एवढंच बघायचं असेल तर १-८६६-३३३-४६०६ ही यांत्रिक लाइन आहे, तिथे माणसाची वाट बघावी लागत नाही.

लावण्याआधी समोर ठेवा: सोशल सिक्युरिटी नंबर, ईडीडीने टपालाने पाठवलेला १० आकडी कस्टमर अकाउंट नंबर, शेवटच्या कंपनीचं पे स्टबवर छापलेलं पूर्ण नाव आणि पत्ता, शेवटच्या आठवड्याची टॅक्स कापण्याआधीची कमाई आणि आलेल्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यातला फॉर्म नंबर. माणूस आला की सगळी हकीकत सांगत बसू नका. पहिलंच वाक्य असं म्हणा: ‘माय क्लेम इज पेंडिंग. विच इश्यूज आर होल्डिंग इट?’ इश्यूज, अनेकवचनात. एकाच क्लेमवर दोन-तीन मुद्दे अडकलेले असतात. एक सुटला म्हणून आपण निवांत होतो, दुसऱ्यामुळे पैसे तसेच थांबलेले राहतात आणि मग महिन्याने परत तीच टेप ऐकावी लागते. प्रत्येक मुद्द्यावर माझ्याकडून काय हवं आणि कधीपर्यंत, हे विचारा. मुलाखत ठरली आहे का, नसेल तर ठरवता येईल का, तेही. फोन ठेवण्याआधी तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि त्याने काय सांगितलं, हे लिहून ठेवा.

दुसरा मुद्दा तुमच्या बाबतीत नावाचा असू शकतो. आपल्या नावांची रचना अमेरिकन संगणकाला नीट झेपत नाही. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात, सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं आडनाव, ग्रीन कार्डावर सासरचं, आणि पगाराच्या नोंदीत मधलं नाव गायब! ईडीडी अर्जातलं नाव आणि नंबर सोशल सिक्युरिटीच्या नोंदीशी ताडून बघते. जुळलं नाही तर ओळख पटवा असं सांगणारा डीई १३२६सी हा फॉर्म येतो आणि पत्र पाठवल्यापासून १० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. तो आला असेल तर कागदपत्रं यूआय ऑनलाइनवरच चढवा, सोबत विवाहाचा दाखला जोडा. आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत नाव जुनंच असेल तर त्यांच्याकडे एसएस-५ हा फॉर्म भरून ते कायमचं दुरुस्त करून घ्या. पैसे पडत नाहीत. तुम्ही लग्नानंतर नाव बदललं का, हे पत्रात लिहिलेलं नाही. म्हणून चारही कागद शेजारी ठेवून एकदा बघा.

‘फुकटचं’ या शब्दावर आता. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यातून ही योजना आली, ती विमा म्हणूनच. कॅलिफोर्नियात तुमच्या कंपनीने दर वर्षी तुमच्या पगाराच्या पहिल्या ७,००० डॉलरवर या विम्याचा कर भरलेला आहे, तुमच्या नावावर, तुम्ही काम केलंत म्हणून. गाडीला धक्का लागल्यावर विम्याचे पैसे घेताना आपण संकोचत नाही. आठवड्याला मिळतात कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त ४५० डॉलर, पूर्ण हक्क असेल तर २६ आठवडे. तुमच्या पगारावर ४५० च मिळायला हवेत. बे एरियाच्या घरभाड्यापुढे ती रक्कम लहान आहे, पण महिन्याचा किराणा आणि विजेचं बिल त्यातून सुटतं. ग्रीन कार्डाला आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जाला हा विमा घेतल्याने बाधा येत नाही. एच-४ वर (जोडीदाराच्या व्हिसावर) काम करणाऱ्यांचं वर्क परमिट चालू असायला हवं. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वाल्यांचा मामला नोकरी गेल्यानंतरच्या ६० दिवसांच्या मुदतीशी जोडलेला आहे, त्यांनी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं.

संकोचात गेलेल्या तीन आठवड्यांबद्दल: क्लेम अर्ज केलेल्या आठवड्याच्या रविवारपासून सुरू होतो, नोकरी गेल्या दिवसापासून नाही. तो मागे नेण्याची विनंती करता येते, पण सबळ कारण लागतं, आणि ‘बरं वाटत नव्हतं मागायला’ हे तिथे चालेल असं मला वाटत नाही. सेव्हरन्स (नोकरी संपताना कंपनी देते ती रक्कम) मिळतोय म्हणून अर्ज करता येत नाही, अशी तुमची समजूत झाली असेल तर ती मात्र लिहा. सेव्हरन्समुळे इथे साधारणपणे हे पैसे अडत नाहीत, फक्त मिळालेली रक्कम विचारल्यावर खरी सांगायची.

निर्णय विरुद्ध गेला तर? नोटीस पाठवल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत अपील करता येतं. फॉर्म सोबतच येतो, डीई १०००एम. ‘निर्णय मान्य नाही, टीम बंद झाल्याने नोकरी गेली, करार जोडला आहे’ एवढं पुरतं. सुनावणी अपील्स बोर्डाचे न्यायाधीश घेतात, बहुतेक वेळा फोनवरच, आणि तिथेही दुभाषा मोफत मिळतो. अपील चालू असतानाही सर्टिफाय करत राहायचं.

आणि आठवडेच्या आठवडे काही हललं नाही तर तुमच्या असेंब्ली सदस्याच्या, म्हणजे राज्याच्या विधिमंडळातल्या तुमच्या प्रतिनिधीच्या, मतदारसंघ कार्यालयात फोन करा. ईडीडीत अडकलेल्या क्लेमचा पाठपुरावा करणं हे त्या कार्यालयांचं नेहमीचं काम आहे. तुमच्याकडून एक संमतीपत्र घेतात आणि आतल्या संपर्काकडे प्रकरण पाठवतात. मत देण्याचा हक्क नसला तरी तुम्ही तिथल्या रहिवासी आहात, तेवढं पुरतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘पैसे द्या, आम्ही लाइन लावून देतो’ म्हणणारे भेटतील. त्यांना सोशल सिक्युरिटी नंबर देऊ नका.

शेवटी, मे महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पुण्याला जायचंय असंही तुम्ही लिहिलंय. जरूर जा. पण भारतात असलेल्या आठवड्यांचे पैसे मिळत नाहीत, कारण त्या दिवसांत तुम्ही इथल्या कामाला उपलब्ध नसता. सर्टिफिकेशनमध्ये ते खरं लिहा. तिथून लॉगिन करून ‘उपलब्ध आहे’ असं भरलं आणि नंतर उघड झालं, तर पैसे परत करावे लागतातच, वर ३० टक्के दंड बसतो. परत आलात की क्लेम पुन्हा उघडता येतो, वर्षाच्या आत असाल तर उरलेले आठवडे तुमचेच असतात. मुलाखतीची तारीख त्या प्रवासात येत असेल तर निघण्याआधीच मेसेज टाकून बदलून घ्या. विमानात बसल्यावर तो फोन कोणी उचलणार नाही.